ट्रेवरची कोंबडी पाणी का सोडते, अन् मसाला कडू का होतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेकीनं पुण्याहून ओटीजी, म्हणजे भाजायची विजेची छोटी भट्टी, पाठवला. तुम्ही एका ट्रेवर कोंबडीच्या तंगड्या, आलू, वांगी, कांदे, टमाटर सगळं एकदम मांडलं, वरून सावजीचं ओलं वाटण चोपडलं आणि पाऊण तास ठेवलं. बाहेर काढलं तर भाज्या पाण्यात बुडालेल्या, वरचा मसाला काळा आणि कडू, आणि तंगडी हाडाजवळ लाल. शेवटी सगळं कढईत उलटवून रस्सा केला. आता दिवाळीनंतर लेक-जावई येणार, आठ माणसांचं जेवण आहे, आणि तुम्ही विचारताय की चूक यंत्राची, तुमची, की आपला मसालाच या पद्धतीला चालत नाही.

आपला मसाला चालतो, आणि फार छान चालतो. मी भिवापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल बघायला येणारे पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला असतात, त्यांचं जेवण आम्ही बचत गटाच्या बायका करतो. ट्रेवरची कोंबडी आम्ही हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा तरी करतो. पहिल्या वेळी माझंही अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. पाहुणे पाटावर बसले होते आणि ट्रेमध्ये काळं वाटण आणि पांढरं मांस होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणून हे उत्तर जरा लांब लिहिते.

मूळ गोष्ट एकच आहे: कढई शिजवते, ट्रे भाजतो. आपण रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतो, भरताचं वांगं भाजतो, हुरडा भाजतो. त्यात पाणी कुठेच नसतं. म्हणजे हे काम आपल्या हाताला नवीन नाही. पण कोंबडी म्हटलं की हात आपोआप रश्श्याच्या सवयीनं चालतो: ओलं वाटण, कांदा-टमाटर, झाकण. पाणी शंभर अंशांवर उकळतं, आणि जोवर मांसाच्या किंवा भाजीच्या अंगावर पाणी आहे तोवर तो भाग शंभराच्या फारसा वर जातच नाही. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. तुमच्या ट्रेवर तो पाऊण तास सगळा पाणी उकळण्यात गेला. वर आलेलं वाटण मात्र ओटीजीच्या वरच्या तापणाऱ्या सळीच्या अगदी जवळ होतं, ते सुकलं आणि जळलं. एकाच ट्रेवर खाली उकडणं आणि वर जळणं, असं दोन्ही झालं.

आता यंत्राचं बघू, कारण गावात हे फार महत्त्वाचं आहे आणि ओटीजीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ते नसतं. ओटीजीवर २००० वॅट लिहिलेलं असलं तरी ते २३० व्होल्ट मिळाले तर. रब्बीचे पंप सुरू झाले की आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. सळीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होते, म्हणजे १९० वर त्या सळ्या जेमतेम साडेतेराशे वॅट देतात. तिसरा हिस्सा उष्णता गायब. म्हणून पुस्तिकेतली १० मिनिटं तापवणं आपल्याला पुरत नाही. मी २५ मिनिटं तापवते, आणि रिकामा ट्रे आतच ठेवते, म्हणजे भाजी टाकल्याबरोबर खालून चर्र आवाज येतो. तो आवाज आला नाही तर भाजी परत गंजात (पातेल्यात) काढा आणि ट्रे आणखी तापू द्या. जमलं तर हे काम दुपारी करा, तेव्हा आमच्याकडे तरी वीज बरी असते. आणि ओटीजी साध्या ६ अँपिअरच्या बोर्डाला लावू नका. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. मोठं १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला जाड वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्ड गरम लागत असेल तर ताबडतोब बंद करा.

कोंबडी कोणती? ट्रेला बॉयलर, म्हणजे पोल्ट्रीची कोंबडी. गावरान कोंबडी थेट ट्रेवर ठेवू नका, ती वयानं मोठी असते, अंगात धागे घट्ट, कोरड्या उष्णतेत चामड्यासारखी होते. गावरानच करायची असेल तर आधी मीठ-हळद घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या, तुकडे बाहेर काढून पंख्याखाली कोरडे करा, मसाला लावून फक्त २० मिनिटं ट्रेवर. कुकरातलं पाणी फेकू नका, त्याचा पातळ रस्सा भाकरीबरोबर फार छान लागतो.

बॉयलरमध्येही तंगडीचे अख्खे पीस घ्या, मांडीसकट. छातीचं मांस ट्रेवर लवकर कोरडं पडतं. दुकानदाराला आधीच सांगा की लेग पीस अख्खे, सांध्यावर तोडू नको. कातडी ठेवून मिळाली तर उत्तम, पण आपल्याकडे ते सोलूनच देतात. सोललेलं असेल तर त्यावर तेल आणि दह्याचा पातळ थर हेच कातडीचं काम करतं.

घरी आणल्यावर नळाखाली धुऊ नका. नळाच्या धारेनं कच्च्या मांसावरचे जंतू ओट्यावर, ताटांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर खोल गंजात अलगद बुडवून काढा आणि पाणी सरळ मोरीत ओता. मग स्वच्छ सुती फडक्यानं एकेक पीस दाबून कोरडा करा. इतका कोरडा की बोटाला चिकटेल, ओलं लागणार नाही. फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका. तुमच्या ट्रेमधल्या पाण्याचा मोठा भाग इथूनच आला असणार.

प्रत्येक पीसला तीन-तीन चिरे द्या, थेट हाडापर्यंत. वरवरच्या रेघा नकोत, सुरीचं टोक हाडाला लागल्याचं हाताला कळलं पाहिजे. मांडी आणि तंगडी जिथे जुळते त्या सांध्यावर आतल्या बाजूनं एक जास्तीचा चिरा द्या. कच्चेपणा तिथेच लपतो. चिऱ्यांमधून मीठ आत जातं, उष्णता आत जाते, आणि कडा कुरकुरीत होतात.

आता मसाला. सावजी जेवण ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची देणगी आहे, आणि ते वाटण रश्श्यासाठी घडलेलं आहे. त्यातलं सुकं खोबरं, खसखस, भाजलेला कांदा हे सगळं तेलात परतून पाण्यात उकळायचं असतं, तेव्हा त्याला तर्री येते. तेच वाटण उघड्यावर २०० अंशांत ठेवलं की खोबरं आणि खसखस आधी जळतात, आणि तीच तुमची कडू चव. म्हणून मी मसाल्याचे दोन भाग करते. मुरवायला कोरडी पूड, आणि वाटण अगदी शेवटी.

एक किलो लेग पीससाठी माझं माप हे आहे. मीठ चहाचे दोन सपाट चमचे. दही फडक्यात तासभर टांगून काढलेला चक्का तीन मोठे चमचे, साधं दही नको, त्याचं पाणी ट्रेवर उतरतं. अद्रक-लसूण पाण्याशिवाय कुटून एक मोठा चमचा. धणेपूड दोन चहाचे चमचे, जिरेपूड एक. दगडफूल, मसाला वेलची, लवंग, मिरे, दालचिनी, तेजपान कोरडं भाजून केलेली पूड दीड चमचा. हळद अर्धा चमचा. आमच्याकडे वायगावची हळद असते, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचा रंग आणि वास इतका गडद आहे की अर्ध्याचा एक चमचा केला तर चव कडवट होते. तिखट दोन चमचे. भिवापुरी मिरची वापरत असाल तर आधी दीड घाला आणि आपल्या घरचं तोंड बघून वाढवा.

तिखट थेट मांसावर भुरभुरवू नका. दोन मोठे चमचे फल्ली (शेंगदाणा) तेल कोमट करा, उकळतं नाही, बोट बुडवता येईल इतकंच. त्यात तिखट आणि हळद कालवा आणि पाच मिनिटं ठेवा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. वाटीत बघता बघता तेल लालभडक होतं आणि नाकाला मिरचीचा गोड वास येतो, ठसका नाही. हे तेल चक्क्यात फेटून मग बाकी मसाला मिसळा. असं केल्यावर तिखटाचा प्रत्येक कण तेलात आणि दह्यात गुंडाळलेला राहतो आणि लवकर जळत नाही. कोरडं तिखट उघड्यावर पाच मिनिटांत काळं पडतं.

तेलाबद्दल एक सांगायचं राहिलं. जवसाच्या तेलाची चव आपल्याला प्रिय आहे, सावजीत ते पूर्वापार आहे. पण घाण्याचं कच्चं जवस तेल फार उष्णता सोसत नाही, ट्रेवर धूर धरतं आणि कडू होतं. मुरवायला फल्ली किंवा सरकीचं शुद्ध केलेलं तेल घ्या. जवस हवाच असेल तर ताटात वाढताना त्याची चटणी बाजूला द्या.

मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये, झाकून, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. निदान चार तास तरी. लिंबू या वेळी घालू नका, रात्रभर लिंबात राहिलेलं मांस वरून खडूसारखं भुसभुशीत होतं. रात्री वीज गेली आणि तासन् तास आली नाही तर धोका पत्करू नका. हिवाळ्यात बाहेर दोन तास ही मर्यादा धरा. आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात ती एक तासावर येते.

भाज्यांकडे मी जास्त लक्ष देते, कारण ट्रे बिघडतो तो बहुतेक वेळा भाज्यांमुळेच. सगळ्या भाज्या एका वेळेला टाकायच्या नसतात. आलू, गाजर, रताळं यांना दोन बोटं रुंद तुकड्यात ४० ते ४५ मिनिटं लागतात. चार फोडी केलेले कांदे त्यांच्याच बरोबर जातात. कोहळं (लाल भोपळा), वांगी, ढेमसं यांना अर्धा तास. फुलकोबीचे मोठे तुरे २५ मिनिटं. शिमला मिरची आणि अख्खी भेंडी शेवटच्या १५-२० मिनिटांत. दोडका, दुधी, पत्ताकोबी मी ट्रेवर घेत नाही, त्यांच्यात पाणीच फार. टमाटर चिरून पसरू नका. हवंच असेल तर छोटे टमाटर अर्धे करून, कापलेली बाजू वर ठेवून, शेवटच्या १५ मिनिटांत.

वांगं मात्र माझं आवडतं, आणि कोंबडीच्या खाली भाजलेलं वांगं खाल्ल्यावर तुम्हीही दर वेळी घालाल. लहान वांगी घ्या, देठ ठेवा, देठाकडे जोडलेलं राहील असं चार भागांत चिरा. वांगं स्पंजासारखं तेल पितं, आणि तेल नाही मिळालं तर वरून रबरासारखं होतं. म्हणून वांग्याला बाकीच्या भाज्यांपेक्षा आधी आणि वेगळं तेल लावा, हातानं चोळून. मग त्याच्यावर कोंबडीचा रस ठिबकतो तो ते आत ओढून घेतं. बाहेरची कड चरचरीत आणि आत लोण्यासारखा गर. आमच्या पाहुण्यांमध्ये दोन लहान मुलं होती, वांगं पाहिलं की तोंड फिरवणारी. त्यांनी ट्रेमधली वांगी आधी संपवली आणि मग कोंबडी मागितली.

भाज्यांना मीठ ट्रेवर टाकण्याच्या क्षणीच लावा. आधी लावलं की त्या गंजातच पाणी सोडतात. आणि गर्दी करू नका. दोन तुकड्यांमध्ये एक बोट जागा दिसली पाहिजे. माझ्या ३० लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर चार लेग पीस आणि जेमतेम अर्धा किलो भाजी बसते, त्याहून जास्त नाही. तुम्ही लिहिलेल्या मापाप्रमाणे त्या एका ट्रेवर जवळपास अडीच किलो माल होता. तो भाजलाच गेला नसता, कोणत्याही यंत्रात.

आता क्रम. २२० अंशांवर ओटीजी तापवा, दोन्ही सळ्या चालू, ट्रे आत. तापलेल्या ट्रेवर आलू, गाजर, कांदे तेल-मीठ लावून पसरा, आणि १० मिनिटं एकटेच भाजू द्या. मग ट्रे बाहेर काढा, सराट्यानं (उलथन्यानं) फोडी उलटवा, वांगी मधे बसवा, आणि वर लेग पीस ठेवा, चिरे दिलेली बाजू वर. पीस फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेले असावेत. आता तापमान २०० वर आणा आणि ट्रे मधल्या नाही, त्याच्या एक खण खाली सरकवा. लहान ओटीजीत वरची सळी अन्नापासून वितीवरही नसते, आणि मसाला जळण्याचं ते मोठं कारण आहे. ३५ ते ४० मिनिटं. मधे एकदा ट्रे फिरवा, मागची बाजू पुढे, कारण मागची बाजू नेहमी जास्त तापते. दार उघडं ठेवून बघत बसू नका, कमी व्होल्टेजमध्ये गेलेली उष्णता परत यायला पाच-सात मिनिटं जातात. २० मिनिटांतच वर काळपट दिसायला लागलं तर वरची सळी बंद करा.

आणि शेवटची १० मिनिटं ही सावजीची. खोबरं, खसखस, भाजलेला कांदा यांचं वाटण तुम्ही तोवर कढईत तेल सुटेपर्यंत परतून घट्ट करून ठेवलेलं असेल. ते आधीच शिजलेलं आहे, म्हणून त्याला फक्त चिकटायचं आहे. प्रत्येक पीसवर एक चमचा, बोटानं पातळ पसरा, आणि परत आत. घरात वास सुटतो तो इथे.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. तुम्ही हाडाजवळ लाल पाहिलं आणि घाबरलात, ते बरोबर केलंत, पण ते दर वेळी कच्चं असतंच असं नाही. बॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याची हाडं कोवळी, आतल्या मगजाचा लाल रंग शिजतानाही मांसात उतरतो. खरी खूण तापमानाची आहे. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, सुईचा थर्मामीटर खुपसा. ७४ अंश झाले की खायला सुरक्षित. तंगडीला मी ८२-८५ पर्यंत जाऊ देते, तिच्यातले चिवट धागे तेव्हा विरघळून मऊ होतात. हा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, आणि ओटीजीपेक्षा आधी घ्यायची वस्तू ती आहे असं मी गटातल्या प्रत्येक बाईला सांगते. तो येईपर्यंत सांध्यावर सुरी खुपसून बघा: रस पारदर्शक हवा, आणि सांधा हातानं सैल फिरायला हवा. दोन्ही खुणा हव्यात. शंका आली तर आणखी दहा मिनिटं.

वीज अर्ध्यावर गेली तर? ओटीजीचं दार न उघडता दहा मिनिटं वाट पाहा. नाही आली तर सगळं जाड लोखंडी कढईत काढा, चुलीवर किंवा गॅसवर मंद ठेवा, वर जड लोखंडी झाकण आणि झाकणावर चुलीतले निखारे. रोडग्यांचं तंत्र तेच. मी एकदा २० पाहुण्यांचं जेवण असंच पूर्ण केलं, आणि निखाऱ्यांमुळे चव आणखी चांगली आली. ओटीजी नसलेल्या बहिणींनीही सुरुवातीपासून असंच करावं, फक्त कढईत एक थर, त्याहून जास्त नाही.

बाहेर काढल्यावर पीस दहा मिनिटं तसेच ठेवा, झाकू नका, झाकलं की वाफेनं कडा मऊ पडतात. मग वर बारीक चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू. दिवाळीनंतर आंबिया बहाराचं संत्रं आलेलं असतं, तेव्हा मी लिंबाऐवजी अर्ध्या संत्र्याचा रस पिळते, पण ट्रे बाहेर आल्यावरच, त्यातली साखर आत जळते. तिखटाला ते फार जुळतं.

आठ माणसांचा हिशोब सांगते. दोन किलो लेग पीस, एक किलो भाजी, म्हणजे दोन फेऱ्या, किंवा भाजी जास्त असेल तर तीन. जेवण आठला असेल तर साडेपाचला ओटीजी लावा. पहिली फेरी ७४ अंशांना पोचली की वाटण न लावता काढा, गरम गंजात ठेवा. दुसरी फेरी होत आली की पहिल्या फेरीच्या पीसवर वाटण लावून, दुसरी बाहेर आल्याबरोबर त्यांना दहा मिनिटं परत आत. असं केलं की दोन्ही एकदम गरम येतात. बरोबर ज्वारीची भाकर, कच्चा कांदा, जवसाची चटणी आणि साधं वरण-भात पुरे. दुसरी भाजी करण्यात वेळ घालवू नका.

आणि ट्रे मोरीत टाकायची घाई नको. पीस काढल्यावर तळाशी लाल तेल, कोंबडीचा रस, चिकटलेले कांद्याचे तुकडे राहतात. त्यावर पाव वाटी गरम पाणी घाला आणि सराट्यानं खरवडा. जी दाट तर्री तयार होते ती वाटीत काढून जावयांच्या भाकरीशेजारी ठेवा.